टीचरांचा रौप्यमहोत्सव

‘तुम्ही लग्न का केलं नाही?’ असं टीचरना विचारायची सोय नव्हती. त्या रागवायच्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवायच्या, समोरच्या बाईकडे नीट बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, “आणि तू कित्याक केलंस गो?”

आणि मग थांबायच्या. खरी पंचाईत त्या थांबण्याची होती. विचारणारी बाई आधी हसायची, पदर सावरायची, ‘असां काय इचारतास’ म्हणायची. टीचर थांबलेल्याच. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. मुंबईहून मे महिन्यात आलेली एक नटलेली चाकरमानीण अशीच त्यांची चेष्टा करायला गेली आणि तासाभरानं त्यांच्या पायरीवरून डोळे पुसत उठली, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळे आमच्या गावातल्या झाडून सगळ्या संसारांची खबर या बिनलग्नाच्या बाईला होती. फादरांना पापनिवेदनात कळत नसेल तेवढी.

आमचं गाव मालवण आणि कट्टा यांच्या मध्ये, रस्त्यापासून जरा आत. चाळीसेक ख्रिस्ती घरं, बाकीची वस्ती हिंदूंची, आणि माडांच्या वर डोकं काढणारं जांभ्या दगडाचं चर्च. बाबांची पावाची भट्टी चर्चच्या मागेच होती. टीचर गावच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या आणि रविवारी दुपारी आम्हा ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या. उंच, काटकुळ्या, अंगावर पांढरं पातळ आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. छत्री बाराही महिने हातात. रस्त्याच्या कडेनं चालणं त्यांना ठाऊक नव्हतं; कट्ट्याची एस. टी. मागून कितीही कोकलली तरी त्या आपल्या मधोमध. ड्रायव्हर त्यांचाच विद्यार्थी होता. तो खाली उतरून म्हणायचा, “टीचर, जरा बाजूक व्हता?” तेव्हा व्हायच्या.

त्यांच्याकडे कोंबडे होते. कोंबड्यांना संतांची नावं दिली तर सुरी चालवताना हात कापतो, म्हणून त्यांनी सगळ्या दुष्टांची दिली होती. एकाचं नाव हेरोद, एकाचं पिलात, एक भला मोठा तांबडा होता तो फारो. “आज हेरोद शिजलो, येवा जेवूक,” असा निरोप शाळेतून घरोघर जायचा. त्या रोज दोघांपुरतं रांधायच्या. दुसरं ताट कोणाचं हे ठरलेलं नसे. वाटेनं जाईल त्याचं. माकडं हाकणारा, पोस्टमन, नवऱ्याशी भांडून बाहेर पडलेली बाई, कधी स्वतः फादर.

आता त्या काळचं आमच्याकडचं एक सांगायला हवं. ख्रिस्ती मुलीला दोन वाटा होत्या. लग्न करायचं, नाहीतर सिस्टर होऊन मठात जायचं. दोन्ही वाटांचा मान होता, दोन्हींसाठी चर्चमध्ये विधी होता, जेवण होतं, नवी वस्त्रं होती. या दोन्हींत न बसणाऱ्या बायका मात्र ‘राहून गेलेल्या’. आमच्या गावात अशा सात-आठ होत्या. कोणाचा भाऊ मुंबईला बोटीवर गेला आणि म्हाताऱ्या आईबापांना बघायला ती राहिली. कोणी देवी येऊन तोंडावर वण राहिले म्हणून राहिली. या बायका लग्नाच्या मांडवात कधी दिसायच्या नाहीत. मांडवामागे चुलीपाशी दिसायच्या, नारळ खवताना.

टीचर मात्र कधी चुलीपाशी बसल्या नाहीत. मांडवात पहिल्या रांगेत बसायच्या आणि दोनदा मटण मागून घ्यायच्या.

त्यांच्याबद्दल अफवा पुष्कळ होत्या. म्हणे ठरलेला नवरा समुद्रात बुडाला. म्हणे मठातून हाकलून दिली. खरं काय ते एकदा त्यांनीच मला सांगितलं, पायरीवर तांदूळ निवडता निवडता. तेवीस वर्षांच्या असताना एका भल्या माणसाची मागणी आली होती. मुंबईच्या गोदीत कारकून. नाही म्हणण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं आणि बेळगावकडच्या एका मठात वर्षभर राहून पाहिलं. तिथल्या मोठ्या सिस्टर एके दिवशी म्हणाल्या, ‘मुली, तू सगळं बरोबर करतेस, पण तुझं तोंड दुसऱ्याच गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखं दिसतं.’ टीचर घरी आल्या. त्या भल्या माणसाला त्यांनी स्वतः पत्र लिहून नकार कळवला. त्याचं पुढे चांगलं झालं, मुलंबाळं झाली, हेही त्यांनी आनंदानं सांगितलं.

पंचविसाव्या वर्षी एका दुपारी त्या चर्चमध्ये एकट्याच वेदीवरचं सांडलेलं मेण खरवडत होत्या. खरवडता खरवडता देवाला म्हणाल्या, की मी ही अशी आहे, अशीच राहते, याच गावात राहते, मला असंच वापरून घे.

“मगे?” मी विचारलं.

“मगे काय? लग्नाक साक्षीदार लागतत, सिस्टर होवक बिशप लागता. माझ्या साक्षीक एक पाल होती भिंतीर.” तांदळातला खडा काढून त्यांनी अंगणात भिरकावला. “मेण काढून झाला, घराक गेलंय, आणि दोन ताटां भात जेवलंय. तितकी भूक माका त्याच्या आदी कधी लागाक नव्हती.”

ही भूक त्यांना देवाच्या होकारासारखी वाटली होती. मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

त्या लग्नाच्या विरोधात होत्या असं मात्र कोणी समजू नये. लग्न हे देवाचं मोठं काम आहे असं त्या शिकवायच्या, आणि कामात कुचराई झालेली त्यांना खपायची नाही. गावातली एक कोळीण नवऱ्याशी भांडून कट्ट्याला माहेरी निघून गेली होती. टीचर त्या नवऱ्याला, मासेमारी करणारा गाबतीच तो, सोबत घेऊन भर उन्हात कट्ट्यापर्यंत चालत गेल्या. वाटेत त्याच्याकडून माफीची वाक्यं पाठ करून घेतली, पाढे घेतात तशी. कट्ट्याच्या बाजारात बायको समोर आली तेव्हा बिचारा सगळं विसरला आणि नुसता रडला. ‘पाठ केलेल्यापेक्षा ह्यां बरां झाला,’ असं टीचर नंतर सांगायच्या. लग्न ठरलेल्या मुलींनाही त्या महिनाभर संध्याकाळी पायरीवर बसवायच्या. भांडावं कसं हे शिकवायच्या. जेवण न वाढून भांडायचं नाही, त्याच्या आईचं नाव काढायचं नाही, आणि एका भांडणात एकच गोष्ट.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शाळा संपून दोन वर्षं झाली होती. स्थळ मुंबईचं, बोटीवर स्वयंपाकाच्या कामाला असलेला विधुर, चौतीस वर्षांचा. त्याची बहीण आमच्या गावात दिलेली; तिनं आणि बाबांनी मिळून ठरवलं. फादर घरी आले, चहा घेतला, बाबांना विचारलं, ‘मुलीची तयारी आहे ना?’ बाबा ‘होय’ म्हणाले. मी दाराशी खाली मान घालून उभी होते. ती मान खाली होती हेच माझं उत्तर धरलं गेलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी विवाह करू इच्छितात, कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगावं. दोन रविवार झाले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी मी टीचरकडे लग्नाचं आमंत्रण घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“तू कित्याक लगीन करतंस?”

“बाबांनी ठरयल्यानी.”

“ता तुझ्या बाबाचा उत्तर झाला. तुझा काय?”

आणि त्या थांबल्या. मीही थांबले. मला उत्तर शोधायचं होतं, पण आत हात घालावा आणि डबा रिकामा निघावा तसं झालं. त्या माणसाबद्दल राग नव्हता, दुसरा कोणी मनात नव्हता, मठात जायचं नव्हतं. काहीच नव्हतं. संध्याकाळ झाली तरी मी तशीच बसून होते. शेवटी टीचर म्हणाल्या, ‘बरां, घराक जा.’

त्याच संध्याकाळी त्या फादरांकडे गेल्या. फादर म्हणाले, आता पत्रिका वाटून झाल्या. मग त्या आमच्या भट्टीवर आल्या. बाबा पीठ मळत होते. त्यांचं बोलणं बाबांनी ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाले, “तुमी लगीन करूक नाय. तुमी माका लग्नाच्या गजाली सांगू नकात.”

टीचर छत्री उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. प्रवचन झाल्यावर फादरांनी आमची नावं पुकारली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या वाक्यानंतर कधी कोणी काही बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं. फादरांचा हात पुढचं पान उलटायला गेलाही होता.

“फादर, माझी हरकत आहे.”

टीचर उभ्या होत्या. रागावल्या की त्या शाळेतलं मराठी बोलायच्या. बायकांच्या बाजूनं चर्चमध्ये तसा आवाज यायची रीतच नव्हती. फादर गोंधळून म्हणाले, कसली हरकत?

“मुलीला कोणी विचारलेलं नाही.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. माझ्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. बाबांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. फादर टीचरना म्हणाले, तुम्ही असं भर चर्चमध्ये करायला नको होतं. टीचर म्हणाल्या, काल संध्याकाळी मी दोघांकडेही आले होते. मग फादर खुर्चीत बसले. ते म्हातारे होते, थकलेले होते, पण खोटे नव्हते. त्यांनी बाबांना बाहेर थांबायला सांगितलं. तशा टीचरही उठल्या. फादर म्हणाले, तुम्ही बसा, तिला धीर येईल.

“नको,” टीचर म्हणाल्या. “माझ्याकडे बघून ती मला हवं ते बोलेल. मग तिच्या बाबांत आणि माझ्यात फरक काय?”

दार लोटून त्या बाहेर गेल्या. मी आणि फादर राहिलो. फादरांनी विचारलं, हे लग्न तुला करायचं आहे का? बाहेर लोक कुजबुजत होते ते ऐकू येत होतं.

“माका म्हायत नाय, फादर,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, “‘म्हायत नाय’ म्हणजे ‘होय’ नाय, चेडवा.” आणि ते उठून बाहेर गेले आणि बाबांना म्हणाले, की मी हे लग्न लावणार नाही. लावलं तरी देवापुढे ते लागणार नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. आई आठवडाभर रडली. ‘चर्चमध्ये अडलेली मुलगी’ म्हणून बायका मला बघायला यायच्या. मुंबईच्या त्या माणसानं मात्र एक सरळ पत्र पाठवलं, की मुलीला विचारलं नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं, राग नाही. वर्षाच्या आत त्याचं वेंगुर्ल्याकडे एका विधवेशी लग्न झालं. बाबांनी टीचरशी बोलणं सोडलं. त्यांच्याकडे जाणारा रोजचा पाव बंद केला. टीचर भाकरी खाऊ लागल्या आणि त्यावर कोणाजवळ एक शब्द बोलल्या नाहीत.

मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला रत्नागिरीला गेले. बाबांनी जाऊ दिलं. कदाचित गावातल्या तोंडांपासून मला लांब ठेवावं म्हणून असेल. पण त्यांनी ट्रंक स्वतः डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणली, हे मी विसरलेले नाही. नंतर मला जामसंड्याला शाळा मिळाली. तिथे पहिल्या पगारदार वर्षात मला पहिल्यांदा कळलं, की सकाळी आपण कशासाठी उठतो हे ठाऊक असणं काय असतं. लग्न झालं नाही तरी हे पुरेल, असं मनापासून वाटलं, आणि त्याची भीती वाटली नाही.

आणि अशा वेळी, देवगडच्या बंदरात होड्या बांधणाऱ्या एका ख्रिस्ती सुतारानं मला मागणी घातली. शाळेची बाकं दुरुस्त करायला यायचा. मी सुट्टीत घरी आले ती आधी टीचरकडे गेले. चष्मा वर गेला. प्रश्न आला. या वेळी मला थांबावं लागलं नाही.

“माझां बोलणां पुरां होईसर तो थांबता,” मी म्हटलं.

टीचर हसल्या. “मगे कर.”

आमच्या चर्चमध्ये, त्याच फादरांपुढे, माझा प्रश्न आला तेव्हा मी ‘होय’ इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाहेर अंगणात फटाके धरून बसलेल्यांना वाटलं विधी संपला, आणि त्यांनी माळ पेटवली. फादरांना पुढचा विधी त्या आवाजातच पुरा करावा लागला.

त्यानंतर दोन वर्षांनी टीचर पन्नाशीच्या झाल्या. एका सकाळी त्या फादरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, लग्न झालेली माणसं पंचवीस वर्षांचा सोहळा करतात, सिस्टर करतात, तुम्ही तुमचा केलात, मी बघितला, जेवलेदेखील. आता माझी पंचवीस वर्षं झाली. मला उपकारस्तुतीची मिस्सा पाहिजे.

फादर म्हणाले, असा विधी पुस्तकात नाही.

टीचर म्हणाल्या, आभार मानायचा तर आहे? तोच म्हणा.

त्या रविवारी मी माहेरी आलेली होते; फादर घोषणा करायला उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, की पुढच्या रविवारी आपल्या टीचर देवासाठी एकट्या राहिल्याची पंचवीस वर्षं पूर्ण करत आहेत, सर्वांना जेवणाचं आमंत्रण आहे. बाकांवर खसखस पिकली. फादरांनी ती निवू दिली आणि पुढे म्हणाले, “कोणाची हरकत असेल तर त्यानं मला सांगू नये.”

चर्चमध्ये लोक एवढ्या मोठ्यानं हसलेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

टीचरांच्या अंगणात मांडव पडला. मालवणहून बँड आला. पंचवीस वर्षांचे विद्यार्थी आले, त्यांत हिंदू ख्रिस्ती असा हिशेब कोणी केला नाही. ती कट्ट्याला निघून गेलेली कोळीण आणि तिचा नवरा दोन टोपल्या सुरमई घेऊन आले. सकाळी कोणीतरी येऊन म्हणालं, पावाचं काय? कोणाला सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात बाबांच्या भट्टीवरचा गडी गरम पावांच्या चार पाट्या घेऊन फाटकात उभा राहिला. काही निरोप नव्हता. टीचरनी एक पाव उचलला, तिथेच मोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

जेवायची वेळ झाली तशी टीचर मांडवामागे गेल्या. तिथे चुलीपाशी त्या सात-आठ बायका सवयीनं जाऊन बसल्याच होत्या. टीचरनी एकेकीच्या हातातली कामं काढून घेतली, हात धुवायला लावले आणि त्यांना मांडवात पुढच्या खुर्च्यांवर आणून बसवलं. देवीचे वण असलेली जी होती ती पदर तोंडावर ओढून घेत होती. टीचरनी तिला आपल्या शेजारी बसवलं. मग मांडवाकडे वळून म्हणाल्या, “आज लगीन झालेल्यांनी वाढायचां.”

मग माझा नवरा उठला आणि त्यानं भाताचं पातेलं उचललं. त्याच्यामागून तो गाबती उठला, त्याची बायको उठली, एस. टी.चा ड्रायव्हर उठला. मी कडेवरचं मूल आईकडे देऊन डाव घेतला. आयुष्यभर लोकांचे नारळ खवणाऱ्या त्या बायका ताठ बसून जेवल्या, आणि वणवालीनं, मी वाढत असताना, पदर खांद्यावर टाकला आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

जेवणं झाली. बँडवाल्यांनी वाद्यं सरसावली आणि त्यांचा म्होरक्या अडला. मांडवात पहिला नाच नवरानवरीचा असतो. त्यानं विचारलं, पहिल्या नाचाला कोण?

“मी,” टीचर म्हणाल्या.

त्या मांडवाच्या मधोमध गेल्या. नवं पांढरं पातळ, पायांत तेच कॅनव्हासचे बूट. बँड सुरू झाला. त्यांना नाचता येत नव्हतं. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, हात जरासे पसरलेले, मान वर. पहिल्यांदा काही पोरं फिदीफिदी हसली. टीचरनी एक फेरा पुरा केला, दुसरा सुरू केला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हसणारी पोरं आपोआप टाळ्यांचा ठेका धरू लागली. फादर खुर्चीत बसून काठीनं जमिनीवर ताल देत होते.

मी आईबाबांजवळ उभी होते. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून बघत होते. ते मिस्सेला आले होते, जेवले होते, पण टीचरशी बोलले नव्हते. सात वर्षं झाली होती.

आई हळूच म्हणाली, “बघा, कशी एकटीच नाचता.”

बाबांनी हाताची घडी सोडली.

“एकटी खंय आसा?” ते म्हणाले. मग त्यांनी धोतर सावरलं, हात शर्टाला पुसले आणि सरळ मांडवात शिरले. टीचरांसमोर जाऊन त्यांनी वाकून मान लववली, आणि नाचायला लागले.